पूजेनंतरचा ग्राइंडर

तपासणीच्या रजिस्टरवरची चंद्रभानची सही राहणार की जाणार, हे दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ठरणार होतं.

तारापूर एमआयडीसीतल्या त्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये ड्रिल, ग्राइंडर, हॅलोजन, पंखे, प्लग लावून चालणारं जे काही होतं ते बावीस वर्षं तोच तपासत आला होता. शिक्षण दहावी नापास. आता एका मोठ्या गिऱ्हाइकानं कळवलं होतं की तपासणीच्या रजिस्टरवर 'सक्षम व्यक्ती' म्हणून नाव हवं, आणि आमचं माणूस येऊन खात्री करील. मालक धर्मेशशेठनं शेडमधल्या विक्रमचं नाव घातलं. विक्रमकडे डिप्लोमा होता आणि पालघरला दोन दिवसांचं ट्रेनिंग घेतल्याचा कागद होता.

चंद्रभानला विक्रमचा राग नव्हता, पोरगा चांगला होता. पण बायको, नलू, गेल्यापासून उमरोळीच्या घरी त्याला बसवत नव्हतं. सकाळी चार प्लग हातात घेऊन पिना हलवून बघितल्या की दिवस सुरू व्हायचा. तेवढं जायला नको होतं.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी विक्रमनं सगळं तपासून हिरवे स्टिकर लावले. खंडेनवमीला शेडमध्ये अवजारांची पूजा झाली. इतकी वर्षं ती नलू येऊन करायची. कोरडं कुंकू, तेही दांड्यावर एकच बोट. "मशीन वारं घेतं तिथं नको," असं बाकीच्यांना दटावायची. यंदा पोरांनी उत्साहानं पाणी शिंपडलं, कुंकू कालवून फासलं, वर झेंडूच्या माळा घातल्या. त्या दिवशी चंद्रभान नलूच्या आठवणीनं शेडमध्ये थांबलाच नव्हता.

दसऱ्यानंतर शेड उघडली आणि गिऱ्हाइकाकडच्या उत्कर्षा मॅडम धर्मेशशेठबरोबर आल्या. त्याच वेळी वेल्डर जिवल्या स्टोअरच्या खिडकीशी उभा राहिला. मासवणचा, चंद्रभानच्याच वयाचा.

"दे दादा ग्राइंडर. गेट पुरा करायचाय."

चंद्रभाननं ग्राइंडर उचलला, उलटा केला आणि परत फळीवर ठेवला. "हा नाही मिळायचा."

"का? नवरीवाणी नटलाय की. देवाचा हात हाय त्याच्यावर, मला काय नाय होत."

"देवाचा हात बाहेरून आहे. आत कुंकू गेलंय."

विक्रम पुढे आला. "काका, स्टिकर बघा ना. तीन दिवस झालेत, पास आहे."

"स्टिकर पूजेच्या आधीचा आहे."

"मॅडमसमोर कशाला, काका..."

मॅडमनी ऐकलं होतं. "मेगर लावा," त्या म्हणाल्या.

चंद्रभाननं वीज बाहेर गळते का ते दाखवणारा, हँडल फिरवायचा जुना मेगर काढला आणि विक्रमच्या हातात दिला. "तूच लाव." विक्रमनं हँडल फिरवलं. काटा शून्यापाशीच थरथरत राहिला, म्हणजे धरणाऱ्याला शॉक बसला असता. स्क्रू काढले तर स्विचभोवती लाल चिखल.

"आयला!" जिवल्यानं हात मागे घेतला. विक्रमचा चेहरा उतरला.

"काका, बाहेरून कसं कळलं?" मॅडमनी विचारलं.

"जाळीशी लाल ओघळ होता. आत गेलेलं लवकर सुकत नाही."

"बरं. ऑफिसातला यूपीएस कसा तपासाल?"

सगळे त्याच्याकडे बघत होते. काहीतरी ठोकून देता आलं असतं.

"तो मला येत नाही," चंद्रभान म्हणाला. "हाच मेगर लावला तर आतलं कार्ड जळायचं. ते विक्रमचं काम."

मॅडम हसल्या. "शेठ, दोन नावं लिहा. हातातली अवजारं यांच्याकडे, इलेक्ट्रॉनिक विक्रमकडे."

"शिक्षणाच्या जागी काय लिहू? दहावी नापास?" शेठनं विचारलं.

"बावीस वर्षं लिहा. आणि यांनाही ट्रेनिंगला पाठवा, जे येतंय त्याचा कागद होऊ दे."

धर्मेशशेठनं तिथल्या तिथं नाव लिहिलं. चंद्रभाननं पहिली नोंद केली: ग्राइंडर, नापास. लाल चिठ्ठी बांधली. मग शेऱ्याच्या रकान्यात सावकाश लिहिलं: पूजेनंतर सर्व अवजारे पुन्हा तपासणे. कुंकू कोरडे, दांड्यावर, एक बोट.

विक्रमनं वाकून वाचलं. "हा कुठला नियम, काका?"

"तुझ्या काकूचा," चंद्रभान म्हणाला आणि त्यानं रजिस्टर मिटलं.

जिवल्या खिडकीतच होता. "नियम झाले का लिहून? मंग मला दुसरा ग्राइंडर देशील का नाय?"

"थांब जरा," चंद्रभान म्हणाला आणि दुसऱ्या ग्राइंडरला मेगर लावून हँडल फिरवायला लागला.