वापरातली लुगडी

सिनेमाचे कपडे शिवायचे नसतात, शोधायचे असतात, असं मी बारा वर्षं मुंबईतल्या शिंप्यांना ऐकवत आले. कोरं कापड चहाच्या पाण्यात बुडवून जुनं दाखवणाऱ्यांची तर मला चीडच आहे. म्हणून एकोणसाठ साली कोळीवाड्यावरच्या चित्रपटासाठी मी स्वतः मुरुडला गेले.

घरोघरी जाऊन बायकांना सांगितलं, वापरातलं लुगडं द्या आणि कोरं घ्या. संध्याकाळपर्यंत चाळीस लुगडी जमली, उन्हानं विटलेली, खाऱ्या पाण्यानं खरखरीत झालेली. मैना नावाच्या मासळीवालीचं सगळ्यांत फाटकं होतं. ते नायिकेसाठी ठेवलं आणि बाकीची स्टुडिओतल्या चित्रीकरणासाठी मुंबईला पाठवून दिली.

दुसऱ्या दिवशी गर्दीच्या दृश्यासाठी त्याच बायका किनाऱ्यावर आल्या. सगळ्या कोऱ्या लुगड्यांत, केसांत अबोली माळून. दिग्दर्शकांनी कॅमेरा झाकायला सांगितला आणि माझ्याकडे पाहिलं.

"अगं, रोजची नेसून या ना," मी मैनाला म्हटलं.

"रोजची तुमीच नेली ना, बाय." मग तिनं ठिगळांच्या लुगड्यात उभ्या असलेल्या नायिकेकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तिला पन एक कोरं द्या की. सगळ्यांत ती एकटीच फाटक्यात हाय."

मी नाक्यावरच्या हॉटेलात गेले आणि सगळ्यांत मोठं पातेलं भरून चहा उकळायला सांगितलं.

"बायकांसाठी का?" मालकानं विचारलं.

"लुगड्यांसाठी," मी म्हटलं. "दूध घालू नका."