बुटकी ती पुढे

होई-चिंगला पियानो ऐकू यायचा, पण त्यात आपण निघायचं कधी, ते काही कळायचं नाही. दोन वर्षं तिने हे कुणाला समजू दिलं नव्हतं. कोवलूनमधल्या त्या बाराव्या मजल्यावरच्या बॅले क्लासात ती वाय-लामच्या मागे उभी राहायची, आणि वाय-लामचा खांदा हलला की आपला पाय उचलायची. क्वान मिस कौतुकाने म्हणायच्या, "ताल पक्का आहे हो या मुलीचा!" आई हरखून जायची. खोटं कौतुक पचायला फार सोपं असतं.

पाचव्या ग्रेडच्या परीक्षेला चार-चार मुली एकदम आत जातात, छातीवर आणि पाठीवर नंबर लावून. सगळ्यात बुटकी ती एक नंबर. तिने पुढे राहायचं. बुटकी वाय-लाम होती. म्हणजे नव्या वर्षाच्या सुट्टीपर्यंत तरी होती.

परीक्षेच्या सकाळी मिसनी चौघींना भिंतीला पाठ लावून उभं केलं.

"अगं बाई, लाम, केवढी वाढलीस! घरी खत घालतात की काय? चिंग, आता तू एक नंबर."

होई-चिंगने डोक्यावर हात ठेवला. "मिस, अंबाडा धरून मोजा ना. माझा अंबाडा उंच आहे."

"अंबाडा नाचणार आहे का? घे, हा नंबर पिनेने लाव."

आईने सोयाच्या दुधाचा थर्मास पुढे केला. "तालात पैकीच्या पैकी आण हं. मोठ्या शाळेच्या मुलाखतीला हेच सर्टिफिकेट दाखवायचंय."

होई-चिंगने झाकण न उघडताच थर्मास परत दिला. आज आपलं पितळ उघडं पडणार, हे तिला दिसत होतं.

आत आरशांवर पडदे ओढले होते. परीक्षेला तसंच करतात. समोर फक्त टेबल, आणि परदेशातून आलेल्या परीक्षक बाईंची पेन्सिल. पियानो सुरू झाला. आत्ता? की आत्ता? तिची पाचावर धारण बसली आणि तिने पाय टाकला, भलत्याच वेळी. पियानोवरचे हात क्षणभर अडखळले, एवढं तिलाही समजलं. मागच्या तिघींचे पाय मात्र तिच्याबरोबरच सरकले. पेन्सिल भराभर लिहू लागली.

पुढच्या नाचासाठी टाचेचे बूट नि घेरदार स्कर्ट चढवायला चौघी बाहेर आल्या. होई-चिंगने वाय-लामला कोपऱ्यात ओढलं.

"मी आधीच निघाले, तुला कळलं नाही? तू का आलीस माझ्या मागे?"

"मला कुठे ताल कळतो?" वाय-लाम कुजबुजली. "मी आरशात क्वान मिसची हनुवटी बघायचे. त्यांनी मान हलवली की निघायचे. आज आरसा झाकलाय, आणि मिसना आत सोडत नाहीत."

"मग आता काय करणार?"

"आता तुझी पाठ आहे ना."

उरलेल्या दोघी मान खाली घालून स्कर्टच्या फिती सारख्या करत राहिल्या. त्यांचंही तेच होतं, हे विचारायची गरज नव्हती. आता तिची एकटीची नव्हे, चौघींची परीक्षा तिच्या पायांत आली होती.

आतून घंटा वाजली.

"चल ना पुढे," वाय-लामने तिला हलकेच ढोसलं. "घाबरतेस कशाला? आम्ही तिघी आहोत ना तुझ्या मागे."

होई-चिंगला नेमकं त्याचंच भय वाटत होतं. तिने दार ढकललं.