पहिल्या पानावरच्या सह्या

शीलाने पोचवहीत पट्टी धरून उभी रेघ ओढली, वहीचं तोंड बायकांकडे फिरवलं आणि दोऱ्याने बांधलेलं पेन पुढे सरकवलं.

"आधी सह्या करा. मग सांगते काय आलंय ते."

कुणी हरकत घेतली नाही. तालुक्याच्या त्या आरोग्य कार्यालयाची रीतच तशी होती. गावोगावच्या उपकेंद्रांत झाडझूड करणाऱ्या, लसीकरणाला बायकांना घरोघर जाऊन बोलावणाऱ्या अकरा अर्धवेळ परिचर महिन्याच्या सभेला काळीपिवळी जीपने येत. दोनची गाडी चुकली की पुढची भरेपर्यंत फाट्यावर ताटकळणं आलं. म्हणून सही आधी, मजकूर नंतर. आणि मजकूर म्हणजे तिथली कंत्राटी लिपिक शीला. पत्रातल्या 'उपरोक्त विषयान्वये'मधून ती त्यांच्या कामाचं तेवढं निवडून काढी, तांदूळ निवडावेत तसं. फक्त इथे खडे जास्त निघत.

आजच्या पत्राचा विषय होता, सेवाशर्तींमधील सुधारणा.

"घाबरू नका," ती म्हणाली. "तीन गोष्टी आहेत. नवीन ओळखपत्र. फिकी निळी साडी. आणि रोज सकाळी मोबाईलला चेहरा दाखवून हजेरी."

"तोंड दाखवाचं?" सत्यभामाने सही करता करता मान वर केली. "वीस वर्सं झाले काम करून राह्यलो, कोनं तोंडाकडे पाह्यलं नाई. आता मोबाईल पाह्यते म्हन्ते."

"पावडर लावून येत जाजो मंग," मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळ्या हसल्या.

सुखीबाईची पाळी शेवटची. तिने पेन घेतलं नाही, पत्र घेतलं. तिला वाचता येत नव्हतं. तीन वर्षांपूर्वीपर्यंत ती अंगठाच द्यायची. सही याच टेबलावर शीलाने शिकवली होती. तिने कागदाच्या खालच्या कडेवरून बोट फिरवलं, चादरीची शिवण तपासावी तसं.

"छोरी, याच्या पायथ्याशी सायबाची सही नाई. गोल शिक्काबी नाई."

"ई-मेलवर येतं ना मावशी आता."

"मागचाबी ई-मेलच होता. त्याले होता शिक्का."

"गाडी निघून जाईल तुमची."

हे शीला हसत म्हणाली. नंतर बराच वेळ तिला ते आपलं हसणंच आठवत राहिलं.

"तू म्हन्तं त करतो," सुखीबाई म्हणाली. सुईत दोरा ओवायला लागतो तेवढ्या वेळात तिने आपलं नाव पूर्ण केलं आणि बाकीच्यांच्या मागे पायऱ्या उतरून गेली.

पत्र फाईलला लावताना शीलाची नजर शेवटच्या शब्दावर गेली. 'तसेच'. त्यापुढे काही नव्हतं. पाठवणाऱ्याची चूक असावी, असं तिला वाटलं. सरकारी पत्रात 'तसेच'चं काय, ते कुठेही उगवतं.

दोनला पाच मिनिटं कमी असताना भीमराज बाबू डबा खाऊन आले. ते कार्यालयातले मोठे बाबू. कोऱ्या कागदांचं कपाट त्यांच्या ताब्यात असे आणि किल्ली करदोट्याला. एका वेळी दहाच्या वर कागद ते प्रिंटरला घालत नसत. आताही त्यांनी कपाट उघडलं, कागद फुंकर मारून सुटे केले आणि ट्रेमध्ये ठेवले.

प्रिंटर गुरगुरला आणि कुणी काही न सांगता त्याने एक पान बाहेर टाकलं.

"हे कोनाचं?" बाबूंनी चष्मा वर सरकवून पाहिलं. "तुमच्याच पत्राचं दिसते, शीलाताई. सकाळी कागद संपला असन."

शीलाने पान घेतलं. मुद्दा चार: सध्याच्या नेमणुका महिनाअखेर संपुष्टात येतील, पुढील सेवा बाह्य संस्थेमार्फत, जिल्ह्यातील कोणत्याही उपकेंद्रात, गरजेनुसार. पूर्वीची सेवा धरली जाणार नाही. मुद्दा पाच: पोचवहीतील स्वाक्षरी ही संमती समजण्यात येईल. संमती नसलेल्यांनी स्वाक्षरी न करता तसे लेखी कळवावे.

पायथ्याशी साहेबांची सही होती. गोल शिक्काही होता.

तिने पान पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग टेबलावरचा पाण्याचा पेला उजवीकडून डावीकडे ठेवला. मग परत उजवीकडे. पंखा फिरत होता, पण त्याचा आवाज तिला येईनासा झाला होता.

सुखीबाईचं उपकेंद्र तिच्याच तांड्यावर, घरापासून हाकेच्या अंतरावर. नवरा धावजी लकव्याने अंथरुणाला खिळलेला. दर दोन तासांनी ती जाऊन त्याला कुशीवर वळवून यायची. नाहीतर पाठीला जखमा होत. आज सभेसाठी ती शेजारणीला सांगून आली होती. जिल्ह्यातील कोणत्याही उपकेंद्रात. उद्या पुसदच्या पलीकडे पाठवलं तर शेजारीण किती दिवस वळवणार?

"सह्या झाल्या ना सगळ्याइच्या?" बाबूंनी विचारलं.

"झाल्या."

"मंग वही स्कॅन करून तीनच्या आत वर पाठवा. बाकी तालुक्यात बोंबाबोंब सुरू हाय म्हन्ते. आपल्या इथं एकबी तक्रार नाई."

"बाबू, हे पान त्यांनी पाहिलंच नाही."

बाबू डब्याचं झाकण लावत होते, ते थांबले. "तुमाले तरी कुठं मालूम होतं?"

"एकीनं सांगितलं होतं. खाली सही नाही म्हणून." शीलाने वही जवळ ओढली. "मी तिला गाडीची घाई दाखवली."

"वहीत खाडाखोड चालत नाई, ताई."

"खाडाखोड नाही करत."

तिने पेनाचं टोपण काढलं. बाबूंनी डबा बाजूला ठेवला.

"सोमवारी तुमच्या अकरा महिन्यांच्या कराराची फाईल वर जाते," ते हळू आवाजात म्हणाले. "याच सायबाकडं. मी अडवून नाई राह्यलो. मालूम असावं म्हून सांगतो."

"माहीत आहे."

सुखीबाईच्या सहीखाली एक ओळ मोकळी होती. शीलाने बारीक अक्षरात लिहिलं: 'वरील अकरा सह्या फक्त पहिल्या पानाच्या आधारे घेतल्या आहेत. दुसरे पान त्यानंतर, दोन वाजता मिळाले. चूक माझी.' खाली सही केली. तारखेचा शिक्का उचलला, शाईच्या गादीवर दाबला आणि आपल्या सहीशेजारी उठवला. तो जरा तिरपा पडला.

मग तिने सत्यभामाला फोन लावला.

"गाडी निघाली का?"

"कुठची वं! चार सीटा रिकाम्या हायेत. डायवर हालून नाई राह्यला."

"परत या. सगळ्या."

"काहून? साडी बदलली का?"

"या म्हणते ना."

फोन ठेवला तेव्हा मागे कपाट वाजलं. बाबूंनी कागदांचा अख्खा गठ्ठा काढून प्रिंटरशेजारी ठेवला होता.

"अकरा प्रती लागतीन," ते म्हणाले आणि किल्ली तशीच कपाटाला लटकत ठेवून बाहेर डबा धुवायला गेले.

पहिली सुखीबाईच पोचली. दारात क्षणभर टेकली, पदराने गळा पुसला. शीलाने नवं पान तिच्या हातात दिलं. सुखीबाईने ते वरून पाहिलंच नाही. बोट थेट खाली गेलं, शिक्क्याच्या गोलावरून एकदा फिरलं आणि तिथेच थांबलं. काय लिहिलंय, हे तिने विचारलं नाही. शीलाच्या चेहऱ्याकडे मात्र पाहिलं.

मग ती टेबलावरच्या उघड्या वहीवर वाकली. आपली सही तिला ओळखू येत होती. बोट तिच्या खाली सरकलं.

"आमी त अकराजनी होतो. हे बारावी कोनाची?"

"माझी."

बाहेर पायऱ्यांवर बाकीच्यांच्या चपला वाजू लागल्या. सुखीबाईने बाक ओढला, त्यावरची धूळ हाताने झटकली आणि बसली. शेजारची जागाही झटकून ठेवली.

"ये, इकडं बस," ती म्हणाली. "अन् आता वाच. सायबाच्या सहीपर्यंत."