कुणाचा गुरुवार

मित्रांनो, मला तुम्ही कधी पाहिलेलं नाही आणि पाहणारही नाही. मला रंग नाही, वजन नाही, गंज चढायला अंग नाही. तरी मी जुनी आहे. प्रोग्रॅम लिहिणारे मला कनेक्शन म्हणतात. मी स्वतःला जोडणी म्हणते, कारण आयुष्यभर मी तेच केलं. एका टोकाला बोटीची तिकिटं छापणारा प्रोग्रॅम, दुसऱ्या टोकाला सगळ्या नोंदी पोटात ठेवणारा डेटाबेस, आणि मधोमध मी. इकडचा प्रश्न तिकडे न्यायचा, तिकडचं उत्तर इकडे आणायचं. मधे स्वतःचं एक अक्षर घालायचं नाही. ही अट मी पाळली, आणि तेच माझं दुखणं आहे.

माझा जन्म एका थंड शहरातल्या मोठ्या कंपनीत झाला. जावा नावाच्या ज्या भाषेत मला घडवलं, तिच्यात जोडण्यांसाठी एक सामाईक करार आहे. त्याला इंटरफेस म्हणतात. प्रश्न नेईन, उत्तर आणीन, काम झालं की दार लावीन, अशी त्यातली कलमं. डेटाबेस कोणत्याही कंपनीचा असो, जोडणीने एवढं केलंच पाहिजे. माझ्या कंपनीने तो करार जसाच्या तसा घेतला आणि खाली आपली खास कलमं वाढवली. परोपकार म्हणून नव्हे हं! गिऱ्हाइकाला एकदा अशा सोयीची चटक लागली की ते दुसऱ्या दुकानाची पायरी चढत नाही, हे कंपनीला पक्कं ठाऊक होतं. त्या जास्तीच्या कलमांपैकी एकाने माझ्या आयुष्याला अर्थ दिला. ते कलम असं: 'तू कोणत्या गावासाठी बोलते आहेस ते आधी सांग, म्हणजे तारीख-वार त्या गावाचे देईन.'

प्रशांत महासागरातल्या सामोआ बेटांवर या कलमाला फार किंमत होती. माझी नेमणूक आपियाच्या धक्क्यावरच्या बोट कंपनीत झाली. तिची बोट दर आठवड्याला शेजारच्या बेटावरच्या पांगो पांगोला जाऊन यायची. दोन्ही बंदरांत घड्याळ मिनिटाला मिनिट सारखं चालतं, वार मात्र एकाने पुढे-मागे, कारण मधून तारीख बदलणारी रेषा जाते. आपियात शुक्रवार असतो तेव्हा पांगोत गुरुवार. म्हणून पूर्वी दोन्ही काउंटरांवरची माणसं फोनवर आधी एकच प्रश्न विचारायची, "तुमचा की आमचा?" आपियाकडून "शुक्रवारी या" असं आलं, की पांगोहून विचारणा जायचीच, "तुमचा शुक्रवार की आमचा?" मग हसणं, चेष्टा, आणि शेवटी नक्की वार.

पालेपा नावाच्या मुलीने हा प्रोग्रॅम लिहिला. हुशार, तोंडाची फटकळ, आणि कामात एकही सैल टाका न सोडणारी. तिने माझं खास कलम वाचलं आणि खुर्चीतून उठून टाळी वाजवली. तिने दोन ओळी लिहिल्या. मी त्या थंड शहरातल्या कंपनीचीच आहे का, हे आधी विचारायचं. असेन तर पांगोच्या काउंटरसाठी मला 'पांगो' म्हणून सांगायचं. त्या दिवसापासून डेटाबेसमधला एकच क्षण मी आपियाला शुक्रवार म्हणून द्यायची आणि पांगोला गुरुवार म्हणून. आठ वर्षं एकही वार चुकला नाही.

पांगोच्या काउंटरवर मोएलांगी बसायची. पन्नाशीची, जाडजूड, कानामागे फूल आणि हातात पंखा. तक्रारवहीत ती माणसांचं बोलणं जसंच्या तसं टाइप करायची, स्वतःचे टोमणेसुद्धा. ते सगळं माझ्यातूनच जायचं, म्हणून मला ठाऊक. एकदा तिने लिहिलं होतं, 'हे यंत्र माझ्या नवऱ्यापेक्षा बरं. वार विचारला तर वारच सांगतं, हवामान सांगत बसत नाही.' मित्रांनो, मला याहून मोठं बक्षीस मिळालं नाही.

पण त्या कौतुकात एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही. हळूहळू दोन्ही काउंटरांवर "तुमचा की आमचा?" विचारणं बंद झालं. विचारायचं कशाला? मी होते ना.

मग पालेपा ऑकलंडला गेली, आणि तिच्या खुर्चीवर इओआने आला. मुलगा वाईट नव्हता. कामसू होता, फक्त घाईचा. बोट दुरुस्तीसाठी गोदीत गेली होती, तीन आठवडे फेरी नव्हती. इओआनेने ती संधी साधली. आम्हा जोडण्यांना रोज नव्याने बनवायला वेळ लागतो, म्हणून आम्हाला एका हौदात तयार ठेवतात आणि लागेल तशी एकेक उसनी देतात. तो हौद जुना झाला होता. इओआनेने नवा बसवला. नवा हौद चलाख होता. तो आम्हाला उघड्याने बाहेर पाठवत नसे. प्रत्येकीच्या अंगावर तो एक कोट चढवी. कोटावर फक्त सामाईक कराराची कलमं शिवलेली. माझी खास कलमं आत, माझ्यापाशीच, शाबूत. वरून मात्र काही दिसेना.

पालेपाच्या ओळीने नेहमीप्रमाणे विचारलं, "तू त्या कंपनीची आहेस का?"

कोट म्हणाला, "नाही."

आणि ओळ गप्प बाजूला झाली. 'नसेल तर' याच्या पुढे पालेपाने काहीच लिहिलं नव्हतं. ना आरडाओरडा, ना एखादी नोंद. आतून मी ओरडत होते म्हटलं तरी चालेल, पण जोडणीला आवाज नसतो. मला गाव कुणी सांगितलं नाही, म्हणून डेटाबेसने आपलं नेहमीचं गाव धरलं. आपिया.

इओआनेने तपासलं नाही असं नाही. त्याने पांगोच्या काउंटरसारखा प्रश्न टाकला आणि उत्तर पाहिलं. चार वाजता. बोट चारलाच सुटायची. त्याने हिरवी खूण केली आणि जेवायला गेला.

गोदीतून आल्यावर पहिली फेरी एक दिवस आधी ठरली. पांगोहून बुधवारी चार वाजता. आपियाच्या हिशेबाने तो गुरुवार. मी पांगोच्या काउंटरला गुरुवार दिला. इथेच दैवाने आमची थट्टा केली, मित्रांनो. पांगोची बोट एरवी गुरुवारीच सुटायची. मी शुक्रवार दिला असता तर मोएलांगीने टेबलावर हात आपटला असता. गुरुवार पाहून कुणाच्या कपाळावर आठीसुद्धा आली नाही.

सोमवारी काउंटरवर तिरेसा मावशी आली. चौऱ्याहत्तर वर्षांची, बेटाच्या पश्चिमेला लेओने गावात राहणारी. तिची थोरली बहीण लूपे आपियाकडच्या गावी वारली होती. दफन तिथल्या शनिवारी दुपारी. विमानं छोटी, त्यांत आठवडाभर जागा नाही. गुरुवारच्या बोटीने रात्रभर जाऊन ती तिथल्या शनिवारी पहाटे पोहोचणार होती.

"पोहोचेन ना गं?" मावशीने विचारलं.

"मावशी, तुम्ही अंघोळ करून, चहा पिऊन पोहोचाल," मोएलांगी म्हणाली.

"चहा नको. तिला शेवटचं बघायचंय. लहानपणी तिने मला पाठुंगळीला मारून शाळेत नेलं. आता मी तिला चटई पांघरणार."

ती चटई तिने स्वतः विणली होती. इए तोंगा म्हणतात तिला, कापडासारखी मऊ, कडेला लाल पिसं. पाच वर्षं लागली होती. खरं तर ती लूपेच्या नातीच्या लग्नासाठी विणायला घेतली होती. मंगळवारी मावशीने ती भाच्याबरोबर काउंटरवर पोहोचवली. एवढी मोठी गुंडाळी ऐन वेळी बसमधून आणणं नको म्हणून. मी नोंद नेली: एक चटई, प्रवासी सोबत.

बुधवारी सकाळी बोट पांगोच्या धक्क्याला लागली. मोएलांगीला वाटलं, सामान उतरवायला लवकर आली असेल. तरी मनात खुटखुट. तिने मला विचारलं, बोट कधी सुटणार? मी उत्तर आणलं: गुरुवार, चार वाजता. तासाभराने पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. बाराला तिने आपियाला फोन लावला.

"काय गं, बोट कधी सुटतेय?"

"गुरुवारी, चारला," तिकडची मुलगी म्हणाली.

"हो ना, इथेही तेच दाखवतंय. उगाच जिवाला घोर लावून घेतला."

"तू म्हातारी झालीस, मोएलांगी."

"तू होशील तेव्हा बघू."

दोघी हसल्या आणि फोन ठेवला. पूर्वीसारखं कुणी "तुमचा की आमचा?" म्हटलं असतं, तर चार तास हाताशी होते. मित्रांनो, तो फोन चालू असताना मी रिकामी बसले होते. खरं उत्तर माझ्यापासून कोटाच्या एका बटनाएवढं दूर होतं.

दुपारी मोएलांगीने आणखी दोनदा विचारलं. साडेतीनला बोटीवरचा अधिकारी काउंटरवर आला.

"बाई, तुमची माणसं कुठे आहेत? एकतीस तिकिटं आणि बोटीवर फक्त आपियात तिकीट काढलेले नऊजण!"

"माणसं उद्या येतील. उद्या गुरुवार."

"उद्या? आपियाच्या कागदावर गुरुवार आहे. म्हणजे इथला आजचा दिवस. वाट दाखवणारा पायलट चारला चढतोय. तो थांबत नसतो."

मोएलांगीने पाचव्यांदा विचारलं. पाचव्यांदा मी गुरुवार सांगितलं. तिने फोन उचलला.

"मावशी, बोट सुटतेय!"

"कुणाची?"

"तुमचीच. आहात तशा निघा."

"चेष्टा करू नकोस, बाई. माझी उद्या आहे. कागदावर आहे, तूच छापलास."

"कागद चुकलाय."

मग मावशी म्हणाली, "मी अजून केस धुतले नाहीत गं."

शेजाऱ्याच्या गाडीत बसून ती चार चाळीसला धक्क्यावर पोहोचली. केस ओले, पायात दोन वेगळ्या चपला. बोट खाडीच्या तोंडाशी होती. चटई मात्र बोटीवर होती. मोएलांगीने शेवटच्या क्षणी ती स्वतः उचलून चढवली आणि वर पेनाने लिहिलं, 'लूपेला. तिरेसाकडून.' त्यानंतर माझ्यातून दोन नोंदी गेल्या. एक चटई, सोबत कुणी नाही. तिरेसा, चढल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी इओआने आणि पालेपा यांचं बोलणं झालं. इओआनेने ते कामाच्या नोंदीत तसंच ठेवलं, हा त्याचा प्रामाणिकपणा.

"तू वेळ तपासली होतीस?"

"तपासली. चार. बरोबर होती."

"आणि वार?"

"...नाही."

"सामोआचा मुलगा ना तू? पांगोचा वार बघत नाहीस?"

"आणि तू, पालेपा? 'नसेल तर' च्या पुढे काय लिहिलंस?"

"काही नाही," पालेपा म्हणाली. "मला वाटलं, नसेल असं कधी होणारच नाही."

मित्रांनो, सामाईक करारात एक साधं कलम पहिल्यापासून आहे. कोटाला विचारायचं, 'आत कोण आहे?' विचारलं की त्याला खरं सांगावं लागतं आणि आतलीला बाहेर काढावं लागतं. इओआनेने आता तेच लिहिलं. आणि आत हवी ती नसेल, तर प्रोग्रॅमने तिथल्या तिथे थांबावं, तिकीट छापूच नये, असंही लिहिलं. कितीतरी दिवसांनी कोट उघडला. मला कुणीतरी 'पांगो' म्हटलं.

शनिवारी, आपियाच्या शनिवारी, दुपारी लूपेला पुरलं. चटई तिच्यावर पांघरली होती, असं पुढच्या आठवड्यात कुणीतरी काउंटरवर सांगितलं. पांघरणारे हात दुसऱ्या कुणाचे होते.

माझं मागणं फार नाही. तुमच्या घरात, कामात, कुणाच्यातरी अंगावर असाच एखादा कोट असेल. तो जे दाखवतो त्यावर थांबू नका. आत कोण आहे, एवढं विचारा. आणि तुमच्याकडून एखादी गोष्ट होणार नसेल, तर गुपचूप बाजूला होऊ नका, होत नाही म्हणून मोठ्याने सांगा. आम्हाला ते सांगता येत नाही. आम्ही विचारलं तेवढंच आणतो.

मावशीची तक्रार लिहिण्यापूर्वी मोएलांगीने ती जुनी फेरी पुन्हा उघडली. शेजारी तिरेसा मावशी बसली होती, मांडीवर ते तिकीट घेऊन. मोएलांगीने मला सहाव्यांदा तोच प्रश्न विचारला. मी गेले आणि उत्तर आणलं: बुधवार, चार वाजता.

मावशीने पडद्याकडे पाहिलं, मग हातातल्या कागदाकडे.

"आता सांगतंय," ती म्हणाली.