मी गप्प बसलेला भोंगा

मी भोंगा बोलतोय, जरा कानावर हात ठेवा. रांजणगावच्या आमच्या कंपनीत माझ्या हुकमाशिवाय कुणी स्क्रू पिळत नाही, की डब्याचं झाकण उघडत नाही. आता, मी कधी ओरडायचं ते एबनेझर वॉचमनचं बोट ठरवतं. पण एवढं बारीक सगळ्यांना सांगत बसायचं नसतं.

जन्म भोसरीच्या एका शेडमधला. शिक्षण म्हणाल तर शेजारच्या शाळेची घंटा ऐकली तेवढंच. उमेदीची वर्षं दौंडकडच्या एका साखर कारखान्यावर गेली. हंगामात ओरडायचं आन् एरवी चिमण्यांना पोटात घर करू द्यायचं. मग भंगाराच्या टेम्पोतून इथं आलो.

खोड्यांची सवय जुनी. इथले मोठे साहेब रविराज. त्यांनी चहाचा कप ओठाला लावला, की नेमका मी ठणाणा करायचो. त्यांच्या प्रत्येक पांढऱ्या शर्टावर माझी सही आहे.

त्यांनीही उट्टं काढलं. पॉलिसी केली: सकाळचा भोंगा झाला की गेट बंद. बाहेर राहील त्याचा खाडा, तिसऱ्या खाड्याला कामावरून कमी. बस कंपनीची, ड्रायव्हर कंपनीचा. उशीर तेवढा आत बसलेल्याचा! हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागं गाडीची कशी गोगलगाय होते, हे मी सांगितलं असतं. पण भोंग्याला मीटिंगला कोण बोलावतो?

पाटसच्या मोनालीचे दोन खाडे असेच पडले. आठवड्यानं ती परमनंट व्हायची होती. डोळा माझ्यावर आन् जीव मुठीत, अशी रोज गेटातून पळत यायची.

आता माझा आवाज फाटलाय, नवा भोंगा यायचाय म्हणतात. घाला मला भंगारात, पण आधी ती एक सकाळ ऐकून घ्या.

बसच्या ड्रायव्हरचा, खंडूचा फोन आला, आन् एबनेझरमामा तसेच एचआरच्या राहेल मॅडमकडं धावले.

"मॅडम, न्हावऱ्याजवळ उसाची ट्रॉली आडवी झालीया. गाडी मागं अडकलीया. मोनाली बी हाय त्यात."

शिरूरच्या त्या मॅडम स्वतः गेटवर आल्या. "मामा, बटणावरचं बोट काढा. बस आल्याशिवाय भोंगा नाही. कुणी विचारलं तर माझं नाव सांगा."

मला गप्प राहायला सांगणारं पहिलंच माणूस. ओरडणं सोपं हो, ओठावर आलेलं गिळून बघा! आतली माणसं मशीनपाशी उभी राहून माझ्याकडं बघायला लागली, म्हातारा गेला की काय म्हणून.

अखेर बस वळली. मोनाली सगळ्यांच्या पुढं, एका हातात डबा, दुसऱ्यात तुटकी चप्पल. शेवटचा माणूस आत आला, मॅडमनी मान हलवली, आन् मी असा केकाटलो की चिमण्या पार चिंचेवर जाऊन बसल्या.

रविराजसाहेब शर्टावर चहाचा ताजा डाग घेऊन बाहेर आले.

"मॅडम, हंगामभर ट्रॉल्या आडव्या येतील. रोज असंच करणार? मग पॉलिसीचं काय?"

"पॉलिसी कधीच लेट येत नाही सर," मॅडम म्हणाल्या. "उद्यापासून तिलाच मशीनवर उभी करू."