समेटाचा तांब्या

जोतीरामदादा कांबळे प्रार्थनेला उभे राहणार असले, की आमच्या वाडीतल्या बायका चुलीतली लाकडं बाहेर ओढूनच उपासनेला येत. दादांची प्रार्थना जगाच्या उत्पत्तीपासून निघायची आणि वाटेत कुणालाही न वगळता आमच्या वाडीपर्यंत पोचायची. तोवर चूल पेटती ठेवली तर घरी कालवणाचा कोळसाच. मी देवळात पेटी वाजवत असे. दादांनी डोळे मिटले की मी भात्यावरचा हात काढून निवांत भिंतीला टेकायचो. चेष्टा म्हणून सांगत नाही. त्या माणसाला देवाशी बोलायला खरंच आवडायचं. माणसांशी बोलताना मात्र त्यांना मध्ये थोडं अंतर लागायचं.

आमची ख्रिस्ती वाडी वडूजच्या पुढं, आटपाडीकडं जाणाऱ्या वाटेवर. कांबळ्यांची घरं मूळची महारवाड्यातली, आवळ्यांची मांगवाड्यातली. बाप्तिस्म्याच्या पाण्यात दोन्ही वाडे धुऊन निघाले, असं मोठ्या सभांतून सांगितलं जायचं. सांगणाऱ्यांनी आमची विहीर बघितलेली नव्हती. गावच्या विहिरीची पायरी आमच्या वाडवडिलांना चढू देत नव्हते. वरून कुणी ओतलं तर ओंजळीत घ्यायचं, नाही ओतलं तर तसंच परतायचं. म्हणून मिशननं ही विहीर खोदून दिली. तिला दोन चाकं होती. उगवतीच्या चाकावर कांबळे पाणी ओढायचे, मावळतीच्या चाकावर आवळे. हे कुणी ठरवलं, तर कुणीच नाही. म्हणजे सगळ्यांनी मिळून ठरवलं.

देवळातही तसंच. कांबळे पुढं आणि आवळे दाराजवळ, का तर दाराजवळ वारा चांगला येतो. प्रभुभोजनाचा प्याला पुढून निघायचा आणि दाराशी पोचेपर्यंत तळाला जायचा. सगळ्यात आधी तो दादांच्या ओठांना लागायचा, कारण दादा मंडळीचे वडील होते. वडील म्हणजे पाळक नसताना मंडळीचा कारभार बघणारा. पाळकसाहेब साताऱ्याहून अधूनमधून, प्रभुभोजनाच्या वेळेलाच यायचे. एरवी कुणाचं लग्न, कुणाची माती, कुणी जत्रेत जाऊन नारळ फोडला, सगळा निवाडा दादांकडं.

समेटाच्या तांब्याची रीतही दादांचीच. प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी तयारीची सभा व्हायची. दादा पितळेचा तांब्या स्वतः भरून मेजावर ठेवायचे आणि विचारायचे, ‘‘कोणाचे कोणाशी वाकडे आहे काय?’’ असेल त्यानं उभं राहून सांगायचं. मग दोघांनी सगळ्यांदेखत त्या एका तांब्याला तोंड लावून पाणी प्यायचं. आमच्याकडं तांब्या वरून तोंडात ओततात, ओठ लावत नाहीत. ओठ लावला की पाणी उष्टं झालं. ते उष्टं पाणी प्यायलं की वाकडं संपलं, असा दादांचा कायदा. न पिणाऱ्याला दुसऱ्या दिवशी प्रभूची पंगत बंद. कृष्णात आणि लालासाहेब हे सख्खे भाऊ शेळीनं खाल्लेल्या मेथीवरून वर्षभर बोलत नव्हते. त्यांनाही दादांनी तांब्याला तोंड लावायला लावलं होतं. पिताना दोघंही रडले आणि लालासाहेबाला ठसका लागला.

पण कांबळ्यातला एक आणि आवळ्यातला एक असे दोघं त्या तांब्यापाशी कधी आले नव्हते. भांडायलासुद्धा जवळीक लागते. ती नव्हती, म्हणून भांडणही नव्हतं, आणि आम्ही त्यालाच प्रीती समजत होतो.

लढाईच्या दिवसांतला तो उन्हाळा लय वाईट गेला. विहीर तळाला गेली आणि वाडीत ताप शिरला. घरटी एक माणूस अंथरुणाला खिळलेलं. दादांच्या घरी रंगुबाई, त्यांची बायको, पडली. मूलबाळ नव्हतं. आम्ही शेजारीपाजारी दारातून विचारपूस करायचो आणि आपापल्या दुखणाइतांकडं पळायचो. घरात शिरली ती आवळ्यांची धोंडुबाई. बिनबोलावता आली. रंगुबाईचं अंग पुसायची, वेणी घालायची, घाण काढायची आणि रोज मावळतीच्या चाकावरून घागरी ओढून दादांच्या घरचा माठ भरायची. दादांनी तिला नको म्हटलं नाही. मंडळीचा वडील नको कसं म्हणणार?

त्या उन्हाळ्यात सगळ्यांची परसं वाळली, पण दादांच्या भिंतीलगतचा शेवगा हिरवागार होता. येणारेजाणारे थांबून बघायचे. एका उपासनेत दादांनी त्या शेवग्याबद्दल प्रभूचे आभार मानले, कोरड्या भूमीत त्याने आपल्या दासाचे झाड राखले म्हणून. आम्ही सगळ्यांनी जोरात आमेन म्हटलं.

रंगुबाई एका भर दुपारी गेली. दादा पाण्याला गेले होते. परत येऊन बघतात तर धोंडुबाई उशाशी बसलेली आणि रंगुबाई संपलेली. मातीच्या वेळी दादा म्हणाले, ‘‘ती शांतीने प्रभूमध्ये झोपी गेली.’’ पण तेव्हापासून माणूस आतून खचला. ताटावर बसले तर पाण्याचा पेला तसाच राहायचा. प्रार्थना आणखी लांबल्या. शेवग्याकडं ते बघेनासे झाले. बायको गेल्याचं दुःख, दुसरं काय, असं आम्ही धरून चाललो.

त्यानंतरचं पहिलं प्रभुभोजन पावसाळ्याच्या तोंडावर आलं. पाळकसाहेब आले. आदल्या दिवशी दुपारी तयारीची सभा बसली. दादांनी तांब्या मेजावर ठेवला आणि नेहमीचा प्रश्न विचारला. कुणी उठलं नाही. दादा आता डोळे मिटणार, म्हणून मी भिंतीला टेकायच्या बेतात होतो, इतक्यात दाराजवळून आवाज आला.

‘‘माझं हाय.’’

धोंडुबाई उभी होती. डोक्यावरचा पदर घट्ट धरलेला.

‘‘कोणाशी आहे, बाई?’’ दादांनी विचारलं.

‘‘तुमच्याशी, दादा.’’

पुढच्या सगळ्या माना मागं वळल्या. लालासाहेब गुरकावला, ‘‘बस खाली! वडलांस्नी असं बोलत्यात व्हय?’’

दादांचा चेहरा उतरला होता, पण बोलणं नेहमीसारखं पुस्तकी आणि सावकाश. ‘‘तुझ्याविषयी माझ्या मनात काही नाही. तू माझ्या घरी सेवा केलीस. त्याबद्दल मी प्रभूचे उपकार मानले आहेत.’’

‘‘परभूचं मानलं, व्हय. माझं न्हाई मानलं. पर त्ये ऱ्हाऊ द्या.’’ ती एक पाऊल पुढं आली. ‘‘आवं दादा, मी रोज माठ भरायची, आन् माझी पाठ फिरली की तुमी त्यो शेवग्याला वतायचा. मग सवता जाऊन उगवतीच्या चाकावरनं भरून आणायचा. एकदा माझी चुंबळ इसरली म्हणून मी माघारी आले, तवा बघितलं. त्याच्या म्होरं रोजच बघितलं. आन् त्या शेवग्यापायी तुमी परभूचं आभार मानलं, तवा मी बी आमेन म्हणलं. माझ्याच पान्याला.’’

विहीर एक, पाणी एक. फरक काय तो ओढणाऱ्या हाताचा. आणि तो फरक पुढं बसलेल्या आम्हा सगळ्यांना नवा नव्हता. म्हणूनच आमच्यातलं कुणी ‘हे खोटं आहे’ असं म्हणालं नाही.

दादांनी पाळकसाहेबांकडं बघितलं. पाळकसाहेब खाली मान घालून बसले होते. दादांनी एका शब्दात तिला गप्प केलं असतं. मंडळीतून बाहेर काढलं असतं, तरी पुढच्या बाकांनी माना डोलावल्या असत्या. पण त्यांनी तसं केलं नाही.

‘‘अजून हाय,’’ धोंडुबाई म्हणाली, आणि तिचा आवाज बदलला. ‘‘ह्ये तुमचं झालं. आता माझं सांगते. त्या दुपारी रंगुबाईनं पानी मागितलं. माठ भरलेला हुता. मी तांब्या बुडवला. तुमी म्हणाला, थांब, ताजं आणतो. आन् घागर घिऊन गेला.’’

दादांनी मेजाची कड धरली. ते पाण्याला गेले होते एवढंच आम्हाला ठाऊक होतं. तिनं पाणी मागितलं होतं, आणि घरात माठ भरलेला असताना ते गेले होते, हे कुणाला ठाऊक नव्हतं. ते दादा एकटे उराशी धरून बसले होते.

‘‘हीर तळाला गेल्याली,’’ ती सांगत होती, ‘‘तुमास्नी लय येळ लागला. तिची जीभ आत वडत हुती. मला बघवंना. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं आन् पाजलं.’’

‘‘काय म्हणालीस?’’

‘‘पाजलं, दादा. माझ्या हातानं, माझं पानी. ती प्याली. गार हाय गं, म्हणली. अजून दी म्हणली. अजून दिलं. मग डोळं मिटलं.’’

दादांनी मेजाची कड सोडली.

‘‘तुमी आला आन् तुमचं पानी तिच्या तोंडात घातलं. त्ये गालावरनं खाली आलं. तवा तुमचं त्वांड मी बघितलं. ती तान्हेली गेली असं तुमास्नी वाटलं, आन् मी वाटू दिलं. पयल्यांदा भ्याले, इटाळ केला म्हणशीला म्हणून. मग भ्या गेलं आन् राग ऱ्हायला. तुमी पान्याला शिवंना झाला, त्ये बी मला कळत हुतं. म्हणलं, जळू दी जीव. लय दिस जळू दिला. त्यो माझा गुन्हा हाय. ह्ये पोटात ठिवून परभूच्या पंगतीला कशी बसू?’’

दादा हळूहळू खाली, पाळक उभे राहायचे त्या पायरीवर बसले. एवढा मोठा माणूस, पण त्या घडीला पोरका दिसला. मग त्यांनी विचारलं, आणि आवाज पुस्तकातला नव्हता, वाडीतला होता.

‘‘प्याली?’’

‘‘व्हय.’’

‘‘पोटभर?’’

‘‘पोटभर, दादा.’’

मग ते रडले. तोंडावर उपरणं न घेता, सगळ्यांसमोर, हुंदके देऊन रडले. ‘‘माझ्या बानं गावच्या हिरीवर वंजळ पसरली,’’ ते मध्येच म्हणाले, ‘‘आन् मी तिला तान्हेली टाकून घागर घिऊन पळालो. परभूचं नाव घेत पळालो. रोज त्येच त्येच डोळ्याम्होरं येतंया.’’ खरं सांगतो, इतकी वर्षं त्यांच्या प्रार्थना ऐकल्या, पण देवाशी बोलताना मी त्यांना ऐकलं ते त्या दिवशी.

उठून त्यांनी मेजावरचा तांब्या घेतला. त्यात त्यांनी स्वतः भरलेलं पाणी होतं. ते दाराबाहेर ओतलं आणि रिकामा तांब्या धोंडुबाईपुढं धरला.

‘‘तू भरून आण.’’

ती गेली. सवयीनं मावळतीच्या चाकाकडंच गेली. चाकाची करकर आम्हाला आत ऐकू येत होती. परत आली तेव्हा तांब्या काठोकाठ भरलेला. आधी तिनं ओठ लावला. दोन घोट घेतले आणि तांब्या दादांच्या हातात दिला.

तांब्या छातीशी येऊन थांबला. मला सगळ्यात जास्त आठवतं ते हे थांबणं. एवढं बोलून, एवढं रडूनसुद्धा हात थांबला. जित्याची खोड ती, सहज जात नाही. लालासाहेब दुसरीकडं बघायला लागला. धोंडुबाई मात्र बघत राहिली. तिनं घाई केली नाही आणि नजरही काढली नाही.

मग दादांनी तांब्या तोंडाला लावला. जिथं तिचा ओठ लागला होता, तिथंच लावला. एक घोट घेतला आणि मग थांबलेच नाहीत. पाणी दाढीवरून सदऱ्यावर सांडत होतं. त्या उन्हाळ्यापासूनची सगळी तहान ते पीत असावेत. तळ दिसल्यावर त्यांनी तांब्या खाली घेतला.

‘‘गार हाय,’’ ते म्हणाले.

धोंडुबाईनं पदर तोंडात कोंबला आणि तिथंच खाली बसली.

दुसऱ्याच दिवशी वाडी बदलली असं मी सांगणार नाही. विहिरीची दोन चाकं पुढंही बरीच वर्षं करकरत राहिली. काही कांबळे त्या रविवारी पोटदुखीचं निमित्त करून घरीच बसले. पण दादा दाराजवळ, आवळ्यांच्या शेवटच्या रांगेत जाऊन बसले, आणि प्याला पुढून निघून सगळ्यांचे ओठ लागत लागत त्यांच्यापाशी आला. तळाला उरलेला घोट त्यांनी घेतला.

शेवटी पाळकसाहेबांनी त्यांना प्रार्थना करायला सांगितलं. मी सवयीप्रमाणं भात्यावरचा हात काढला आणि भिंतीला टेकलो. दादा उभे राहिले.

‘‘परभू,’’ ते म्हणाले, ‘‘जिनं माझ्या रंगूला पानी पाजलं, तिचं भलं कर. आमेन.’’

आणि ते खाली बसले. इतक्या लवकर बसले की माझा हात पेटीवर पोचलाच नव्हता.