पाखरांना डबी बांधा

यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटा निघाला तर माझी कवळी गोदावरीत पडो! परवाच आमच्या सूनबाईनं, ललितानं, शेजारणीला सांगितलं, "आईंचं ऐकायचं, पण निम्मं सोडून द्यायचं." निम्मं! म्हणून आज आधीच लिहून ठेवते, यातलं काही सोडायचं नाही. जसं झालं तसं सांगते, आणि झालं ते असं झालं की माझं डोकं अजून ठणकतंय.

माझी नात वेदिका सोळा वर्षांची आहे. फुटबॉल खेळते. आम्ही राहतो इंदिरानगरला आणि हिचं ग्राउंड तिकडं गंगापूर रोडच्या पलीकडं. ललिता नोकरीला जाते, म्हणून रोज संध्याकाळी रिक्षात हिच्याबरोबर मी. तिथं मला एक प्लास्टिकची खुर्ची देतात आणि पोरींच्या पिशव्या राखायला सांगतात. मी राखते. त्या वयात पोरींना आजी बरोबर नको असते, पण चिक्की हवी असते. ती माझ्याकडे असते.

वेदिका मागं खेळते, गोलकीपरच्या पुढं. तिचं काम काय, तर समोरच्या पोरींना गोलापर्यंत येऊ द्यायचं नाही. आता कोल्हापूरला मोठी स्पर्धा होती. सोळा पोरी जाणार होत्या. गेल्या वर्षी ऐन वेळी हिला टायफॉइड झाला आणि हिनं टीमची गाडी गच्चीवरून जाताना बघितली. त्या दिवशी पोरगी नुसता भिंतीवर बॉल मारत बसली. भिंतीचा रंग गेला, अजून दिलेला नाही. तर या वर्षी त्या सोळात नाव यायला पाहिजे, एवढंच तिचं मागणं.

आणि आडवा कोण आला? डबी!

त्यांचे कोच दिनेश सर. माणूस वाईट नाही, पण जूनमध्ये क्लबनं त्याला बारा डब्या आणून दिल्या आणि तेव्हापासून त्यानं ग्राउंडकडं बघायचं सोडलं. काडेपेटीएवढी काळी डबी. पोरींनी जर्सीच्या आत एक आखूड बंडी घालायची, तिला पाठीवर बरोबर मधोमध खिसा, त्यात डबी. मग वरून उपग्रह म्हणे बघत राहतो, पोरगी कुठं गेली, किती पळाली, किती जोरात पळाली. मॅच संपली की सगळं सरांच्या टॅबवर. माझ्या सासूबाईंच्या काळात हे निघालं नाही ही देवाची कृपा. विहिरीवर पाण्याला किती वेळ लागतो आणि बोलण्याला किती, हे सगळं बाहेर आलं असतं.

यादी लागायला दहा दिवस होते. सरांनी वेदिकाला बोलावलं. मीही गेले. मला बोलावलं नव्हतं.

"हे बघा आजी," त्यांनी टॅब माझ्या नाकाला लावला. "स्नेहल, आठ किलोमीटर दोनशे मीटर. आणि वेदिका, चार किलोमीटर नऊशे. स्नेहलचे स्प्रिंट एकतीस, हिचे चार. चार! एवढं तर आमचा वॉचमन पळतो."

स्नेहल म्हणजे हिची मैत्रीण. उजव्या कडेनं सुटते ती वारं प्यालेल्या वासरासारखी.

"सर," मी म्हटलं, "सहा मॅचमध्ये आपल्यावर गोल किती झाले?"

"एक."

"मग?"

"मग काय? समोरच्या टीम तिथपर्यंत येतच नाहीत. हिला कामच पडत नाही. कोल्हापूरला मला काम करणारी पोरगी पाहिजे."

"अहो, त्या का येत नाहीत?"

"दम नसतो त्यांच्यात. आजी, आकडे खोटं बोलत नाहीत."

माणसाला राग येतो तो अडाण्याचा येत नाही, शिकलेल्याचा येतो. वेदिका बुटाच्या टोकानं माती उकरत उभी. मी त्याला म्हटलं, बसा, तुम्हाला एक सांगते. तो बसला नाही. मी सांगितलं.

निफाडच्या पुढं आमचं रान. बाजरीच्या कणसात दूध भरलं की पाखरं तुटून पडायची. मग चार मेढी रोवून उंच माळा करायचा आणि त्यावर बसायचं, गोफण घेऊन. ते काम माझ्याकडं. एकदा मी फिरवलेला दगड खाली आलाच नाही. बराच वेळ वाट बघितली, मग जेवायला गेले. पुढं पुढं तर गोफण हातात घ्यायचीही गरज नव्हती, मी नुसती उभी राहिले की थवा वरच्या वर वळायचा. राघू आपल्या पिल्लांना माझं नाव सांगून झोपवायचे. तर एक दिवस आमचे मामंजी, जयराम पाटील, बांधावर आले. म्हणाले, "पाखरू तर एक दिसत नाही. हिला फुकट कशाला बसवून ठेवली? निंदायला धाडा." धाडलं. तिसऱ्या दिवशी रानात कणसाच्या जागी नुसत्या समईच्या वाती उभ्या! दाणा म्हणून नाही. मामंजी मला म्हणतात, "तुला आधी सांगता येत नव्हतं?"

"छान आहे गोष्ट," सर म्हणाले. "पण डेटा वेगळा असतो, आजी."

घरी येताना वेदिका म्हणाली, "आजी, तू यात काही करू नकोस हं."

"मी कशाला काय करू?"

"शपथ घे."

घेतली. शपथ घ्यायला मी कधी मागं हटत नाही.

रविवारी सकाळी ओझरच्या टीमशी मॅच. डब्यांची पेटी पिशव्यांबरोबर माझ्यापाशी. अंड्यांच्या ट्रेसारखी पेटी, प्रत्येक खळग्यात एक डबी, डबीवर नंबर. वेदिकाची चार, स्नेहलची सात. माझं शिक्षण चौथीपर्यंत, पण चार आणि सात मला येतात. चारच्या बंडीत सात गेली, सातच्या बंडीत चार. दोन बोटांचं काम.

आम्ही दोन-शून्य जिंकलो. सरांनी टॅब उघडला आणि ओरडलेच, "वेदिका! आठ किलोमीटर चारशे! तेहतीस स्प्रिंट!"

मी पदरानं तोंड पुसलं. वाटलं, आता कोल्हापूर पक्कं.

पण तो मेला पुढं बोलतच राहिला. "आणि हे बघ, सगळा वेळ उजव्या कडेनं वरखाली. अगं, मला ग्राउंडवर दिसलंच नाही! पण इथं स्पष्ट आहे. तू डिफेंडर नाहीसच. उद्यापासून विंगवर खेळायचं."

मी म्हणते, अरे माणसा, पोरगी तुझ्या डोळ्यापुढं सत्तर मिनिटं गोलासमोर उभी होती! तुझी मान वर होत नाही का? पण म्हणायचं कुठल्या तोंडानं, डब्या मीच बदललेल्या!

मग तो स्नेहलकडं वळला. ती बिचारी पळून पळून लालबुंद, गुडघे चिखलानं भरलेले, कंबरेवर हात ठेवून धापा टाकतेय. "आणि तू? आज नुसती मागं उभी राहिलीस. चार किलोमीटर आठशे! अशी खेळणार असशील तर कोल्हापूर विसर."

"सर, मी पळाले हो," ती म्हणाली.

"इथं दिसत नाही."

फाटकापाशी स्नेहल हमसून हमसून रडली. मी चिक्की पुढं केली, तिनं घेतली नाही. एवढ्या वर्षांत चिक्की पहिल्यांदा परत आली.

रिक्षात वेदिका बाहेर बघत बसलेली. मुंबई नाक्याला म्हणाली, "आजी, डब्या बदलल्यास?"

"कोण म्हणतं?"

"आजी."

"दोनच बदलल्या गं."

रिक्षावाला आरशातून बघायला लागला. त्याला म्हटलं, तू पुढं बघ.

"मला असं नाही जायचं टीममध्ये," वेदिका म्हणाली. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. "तिचं नाव काढून माझं लागणार? तू सांगतेस का मी सांगू?"

"मी तुझ्यासाठीच केलं ना?"

"मला माहितेय. म्हणून तर जास्त राग येतोय."

सोमवारी सांगितलं. सगळ्या पोरींसमोर सांगितलं, कारण सरांनी मला बाजूला घेतलंच नाही. चेहरा असा झाला त्यांचा, जणू मी टॅबमध्ये ताक ओतलं.

"आजी! तुम्ही माझा महिन्याचा डेटा खराब केलात!"

"एका मॅचचा," मी म्हटलं. "महिन्याचा म्हणू नका. वाढवून सांगायची सवय बरी नाही."

मागं पोरी फिसकन हसल्या. सर आणखी तापले. "स्नेहल, सॉरी. तू टीममध्ये आहेस. आजी, तुम्ही त्या पेटीला हात लावायचा नाही. आणि वेदिका..." त्यांनी तिच्याकडं एकदा बघितलं आणि पुन्हा बोट त्या मेल्या टॅबवर. "तुझे मात्र चार किलोमीटर आठशेच राहिले बघ. काय करू मी?"

पोरीनं मान खाली घातली. तिनं स्वतः खरं बोलायला लावलं, आणि हिलाच शिक्षा! माझ्या मस्तकात तिडीक गेली.

"अहो, राखणदाराच्या पाठीला काय डबी बांधता?" मी ओरडले. "पाखरांना बांधा!"

सर टॅब घेऊन माझ्याकडं वळले.

"म्हणजे?"

"म्हणजे समोरच्या पोरींना घाला त्या बंड्या. ही कुठं गेली ते सोडा. हिच्यामुळं त्या कुठं कुठं जात नाहीत, ते बघा ना एकदा! एकदाच! सहा मॅच तुम्ही एकाच बाजूचं मोजताय. अर्ध्या ग्राउंडचा हिशोब आणि म्हणे आकडे खोटं बोलत नाहीत!"

त्यांनी कपाळाला हात लावला. मला वाटतं, केवळ मी गप्प बसावं म्हणून कबूल झाले. बुधवारी कॉलेजच्या पोरींबरोबर सरावाची मॅच होती. डब्या सगळ्या त्यांच्या पाठीवर. पहिला हाफ वेदिका खेळणार, दुसरा हाफ बाहेर बसणार. पेटी सरांनी स्वतः उचलली, मला लांबूनसुद्धा बघू दिली नाही.

पहिला हाफ मी वेदिकाकडंच बघत होते. खरंच पळत नाही हो पोरगी. दोन पावलं डावीकडं, एक मागं. हात वर करते, "रिया, आत ये!" ओरडते. समोरून बॉल घेऊन येणारी वर बघते, हिला बघते आणि बॉल आडवा देऊन टाकते. ती दुसरी वर बघते, तर ही आधीच तिच्या वाटेत. तीही मागं देते. पस्तीस मिनिटांत गोलावर एक फटका आला, तोही इतका मिळमिळीत की गोलकीपरनं पायानं थांबवून चिंगम चघळलं.

दुसऱ्या हाफला ती माझ्या खुर्चीशेजारी गवतावर बसली. नखं खात तिथूनच ओरडत होती, "मध्ये! मध्ये मोकळं आहे!" कुणाला ऐकू जाणार? तीन गोल झाले. तिसऱ्याला तिनं डोळे मिटून घेतले.

मग सर टॅब घेऊन बसले, आम्ही सगळ्या मागं उभ्या. पहिल्या हाफमध्ये कॉलेजच्या पोरी जिथं जिथं गेल्या त्याच्या रंगीत रेघा. सगळीकडं रेघांचं जाळं, पण गोलासमोर एक मोठा मोकळा तुकडा. हळदीची रेघ ओढली की मुंग्या कशा जवळ येऊन वळतात, तशा सगळ्या रेघा तिथपर्यंत येऊन वळलेल्या. सरांनी दोन बोटांनी चित्र मोठं केलं. लहान केलं. डबी बंद पडली होती का तेही बघितलं. मग दुसरा हाफ उघडला. तोच तुकडा, आणि त्यावर रेघाच रेघा, पाय ठेवायला जागा नाही.

मी बोलणार होते, पण वेदिकानं माझा पदर धरला.

सरांनी टॅब गवतावर पालथा ठेवला. जूननंतर पहिल्यांदा. पोरीकडं नीट बघून विचारलं, "तू काय करतेस गं तिथं?"

"काही नाही सर," ती म्हणाली. "बॉल जिच्याकडे जाणार असतो, तिच्याकडे आधीच जाऊन उभी राहते. मग तो तिच्याकडे येत नाही."

"आणि हे मला कधी सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही किलोमीटर विचारत होता."

शुक्रवारी फाटकावर यादी लागली. स्नेहलचं नाव दुसरं, वेदिकाचं पाचवं. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून नाचल्या, आणि सगळी चिक्की संपली. आता वैताग संपला असं वाटतंय? छे! सरांनी टॅबमध्ये नवा रकाना काढलाय, न झालेल्या हल्ल्यांचा. रोज वेदिकाला सांगतात, काल तुझे बारा पूर्णांक चार हल्ले झाले नाहीत. न झालेल्याचे चार दशांश कुठून आणले, ते त्यांना आणि उपग्रहाला ठाऊक.

पण त्या शुक्रवारी दिनेश सर सगळ्यांसमोर माझ्याकडं आले, वाकले, माझ्या पाया पडले आणि म्हणाले, "आजी, तुम्ही माझे डोळे उघडलेत."

बरं, ललिता मागं उभी राहून वाचतेय, म्हणून सांगते. तेवढं पाया पडणं मी घातलं. ते आले, हात जोडले आणि म्हणाले, "आजी, कोल्हापूरला तुम्ही कृपा करून येऊ नका."